वेचाईचा हिशेब

कापसाच्या व्यापाराचा इतिहास सांगताना कारंजा लाडचं नाव घ्यावंच लागतं. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ साली इथे कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. देशातली ती पहिली. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख माल वाजवी भावात हवा होता, म्हणून वजनमापं, दलाली, हमाली सगळं नियमात बसवलं गेलं. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला. आज कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे आणि त्या बाजाराचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. गाडी कोणाची, दलाल कोण, वजन किती, भाव काय फुटला, हे सगळं तिथे वहीवर चढायचं. तो कापूस बोंडातून काढून गाडीपर्यंत आणला कोणी, एवढी एकच गोष्ट कुठल्या वहीत नाही.

तो बायकांनी काढला होता. आजही तोच क्रम आहे. मी बँकेत नोकरी केली, आयुष्य कागदावरच्या नोंदींत गेलं, त्यामुळे असेल, मला आमच्या जिल्ह्यातल्या बाईच्या पैशाचा इतिहास हा नोंदीचा इतिहास वाटतो. पैसा तिच्याकडे नव्हता असं कधीच नव्हतं. वऱ्हाडात घाम न गाळणारी बाई मी पाहिलेली नाही. तिच्या कमाईला कागदावर जागा कधी मिळाली, कुठे मिळाली आणि कुठे अजून मिळालेली नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

माझी आजी, आईची आई, मंगरूळपीर तालुक्यातली. वेचणीचे दिवस आले की बाया उजाडायच्या आत पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, शिरायच्या. सकाळी दवाने पाला नरम असतो, तो चुरत नाही, कापसाला कचरा लागत नाही. ऊन चढलं की वाळला पाला बोटांबरोबर येतो आणि मग मालकाची बोलणी खावी लागतात. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी वेचायचं. बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, त्या नखांच्या कडेने शिरतात. हिवाळाभर आजीच्या बोटांना चिरा असायच्या आणि रात्री ती त्यांवर गोडं तेल लावायची. संध्याकाळी प्रत्येकीच्या कापसाचा ढीग लागायचा आणि त्यातला वाटा तिच्या पदरात पडायचा. मजुरी म्हणजे हा कापूसच. तो ती गावातल्या दुकानात टाकायची आणि मीठ, गूळ, तेल घेऊन घरी यायची. भाव दुकानदार ठरवायचा. कारंज्याच्या बाजारात ज्या वजनाला आणि भावाला नियम होते, ते नियम या ढिगापर्यंत पोचलेच नाहीत.

दुसरी कमाई सरव्याची. पीक निघाल्यावर शेतात मागे राहिलेलं वेचायची मुभा बायकांना असायची. ज्वारीची सुटलेली कणसं, भुईमुगाच्या मातीत राहिलेल्या शेंगा, पऱ्हाटीच्या शेवटच्या फरदडीचा कवडी कापूस. हा सरवा तिचा स्वतःचा. नवरा सहसा त्याचा हिशेब मागत नसे. दिवसभर वाकून टोपलीभर शेंगा मिळायच्या, त्या विकून आलेले पैसे उतरंडीच्या तळच्या मडक्यात जायचे. वर पाच मडकी रचलेली, तळच्यात राख किंवा बियाणं आणि त्याखाली चिंधीत गाठ मारलेले पैसे. घरातल्या पुरुषाने उतरंड उतरवायची पद्धत नव्हती, म्हणून ती जागा सुरक्षित. आजीच्या त्या मडक्यातून माझ्या मामाचं बियाणं आलं, मावशीचं बाळंतपण झालं आणि माझ्या आईची चौथीपर्यंतची पाटी-पुस्तकं आली. गावात मात्र सगळे म्हणायचे, मामाने बियाणं आणलं.

मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्या परिसरात, बंजारा तांड्यांवर ही पुंजी मडक्यात न ठेवता अंगावर वागवली जायची. केसांत गुंफलेली घुगरी-टोपली, गळ्यातली हासळी, पायांतले वाळे, सगळं चांदीचं. मी लहान असताना बाजाराच्या दिवशी या बायांकडे बघत बसायचे. त्या चालत आल्या की आधी आवाज यायचा. ही चांदी सुगीच्या वर्षी वाढायची आणि वाईट वर्षी सावकाराच्या तराजूत जायची. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाला जसं झोडपलं, तशा वर्षांत घरातून सगळ्यात आधी बाहेर पडायचं ते बाईचं चांदी-सोनं. शेत, बैल, वखर नंतर. शास्त्राने स्त्रीधन तिचं म्हटलं होतं, पण गहाणाच्या चिठ्ठीवर नाव नवऱ्याचं असायचं. गहाण सोडवून आणायची मुदत चुकली तर ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्याशीच सावकार बोलायचा. चांदी जिची, ती दारात उभी.

कायद्याने हे बदलायचा प्रयत्न केला. डॉ. गो. वि. देशमुखांनी मांडलेल्या विधेयकातून १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला, विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, तोही फक्त हयातीपुरता. आणि १९४१ साली फेडरल कोर्टाने निवाडा दिला की शेतजमीन या कायद्यात येत नाही. वऱ्हाडातल्या बाईकडे शेतजमिनीशिवाय वारशात येण्यासारखं होतं तरी काय? वाडे नव्हते, गिरण्यांचे शेअर नव्हते. १९५६ च्या वारसा कायद्याने तिची मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची केली, वडिलांच्या वाट्यात मुलीला वाटा दिला. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं, त्याचाच हा एक तुकडा. पण कायदा दिल्लीत झाला आणि नोंद तलाठ्याच्या दप्तरात व्हायची असते. त्या दोन्हींमधलं अंतर चालून जायला आमच्याकडे दोन पिढ्या लागल्या आणि अजून आम्ही पोचलेलो नाही.

मजुरीच्या बाबतीत मात्र एक नोंद फार लवकर झाली आणि तिचं मोल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. ती रोजगार हमीच्या मस्टरवरची. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव कामं निघाली, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. नाल्याचे बांध, पाझर तलाव, रस्त्याची गिट्टी. जिथे काम तिथे बायाच जास्त दिसायच्या. शेतात पुरुषाला एक रोज आणि बाईला त्याच्या निम्म्या-पाऊणाइतका, ही वहिवाट. रोजगार हमीवर मापाप्रमाणे दाम, खोदणारा हात बाईचा की पुरुषाचा हे बघायचं नाही. आणि मस्टरवर तिचं नाव. अमक्याची बायको म्हणून चालत नसे. माझी आई त्या काळात वाशिम रस्त्यावर गिट्टी फोडायला जायची. पगाराच्या दिवशी मुकादमाने नाव पुकारलं की पुढे होऊन सही-अंगठा करायचा. लग्नानंतर गावात तिला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं, ती पाटलाच्या वाड्यामागची अमक्याची सून होती. तिचं नाव मोठ्याने पुकारलं जायचं ते फक्त मस्टरवर. तिने ते मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना ती पदर नीट करायची.

त्याच वर्षांत कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पऱ्हाटी लावणारी, निंदणारी, वेचणारी बाई. संकलन केंद्रावर गाडी लावणारा पुरुष. आणि चुकारा सातबाऱ्यावरच्या नावाने. मजूर म्हणून तिची नोंद झाली होती, पण ज्या घरचं शेत होतं त्या घरची बाई मजुराइतकीही कागदावर नव्हती. हा प्रकार मला तेव्हाही टोचायचा.

मी बँकेत लागले तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता. (इंग्रजांच्या काळात बासीम हा वेगळा जिल्हा होता, १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला.) ग्रामीण शाखेत काउंटरवर बाई बसलेली बघायला लोक यायचे. बायका खातेदार म्हणून क्वचित. आल्या तर नवऱ्याबरोबर, मागे उभ्या राहून. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना यायचा. मी विचारायचे, बाई काय करता? उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असतो." आमच्या वऱ्हाडात बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो, असतो. पहाटे चारला उठून भाकरी थापून, दिवसभर निंदून, गुरांचं शेणपाणी करून आलेली बाई हे सांगायची. शाखेत गृहिणी असं लिहायची पद्धत होती. मी शेती लिहायला सुरुवात केली. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, सातबारा कुठे आहे हिचा? नसला तरी शेती तीच करते, असं मी म्हटलं, आणि तेवढ्यावरून वाद झाला. फॉर्म परत लिहावे लागले.

मग बचत गट आले, आणि त्यांच्याबद्दल मला हात आखडून लिहिता येणार नाही. महाराष्ट्रात अशा गटांचा इतिहास सांगताना १९४७ साली अमरावती जिल्ह्यात बायकांनी चार चार आण्यांवर सुरू केलेल्या गटाचं नाव पहिलं घेतलं जातं. म्हणजे आमच्या शेजारचीच गोष्ट. पण त्या चार आण्यांना बँकेचं दार उघडायला पंचेचाळीस वर्षं गेली. १९९२ साली नाबार्डने पाचशे गटांना बँकांशी जोडायचा पथदर्शी प्रकल्प घेतला. त्यात सगळ्यात मोठी गोष्ट पैशाची नव्हती, परवानगीची होती: कुठलीही नोंदणी नसलेल्या दहा-वीस बायकांच्या गटाला त्याच्या स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू द्यायला रिझर्व्ह बँकेने मान्यता दिली. सातबारा नको, जामीनदार नको, नवऱ्याची सही नको. एकमेकींची ओळख हेच तारण. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, यात उतरलं. २००३ साली राज्याने बचत गटांच्या कामासाठी त्याला नोडल संस्था केलं आणि २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम सुरू झाला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी आलेल्या केम प्रकल्पात वाशिम होतं. पुढे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे उमेद, आलं. कागदावर ही योजनांची रांग वाटते, पण गावात ती एका माणसाच्या रूपाने यायची: सहयोगिनी. एसटीने उतरून, पिशवीत नोंदवह्या घेऊन, ऊन असो पाऊस असो चालत येणारी बाई. तिच्या मानधनात एसटीचं भाडंही नीट निघत नसे.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक मी जवळून पाहिली. बँकेचं कर्ज द्यायच्या आधी गटाची तपासणी करायची असते, ती माझ्याकडे होती. समाजमंदिराच्या फरशीवर बाया गोल बसल्या होत्या, मधोमध लोखंडी पेटी. पेटी अध्यक्षेकडे, किल्ली सचिवाकडे. दोघी एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही, हा नियम गटाने स्वतः केलेला. आधी हजेरी. दोघी उशिरा आल्या, त्यांनी न बोलता दंडाचे पाच-पाच रुपये पुढे ठेवले. मग बचत: प्रत्येकीने आपलं पासबुक आणि नोट एकदमच समोर सरकवली. सचिव सातवी शिकलेली, ती आकडा मोठ्याने म्हणायची आणि लिहायची. तिने म्हटलेला आकडा बाकीच्या मनात मोजत होत्या, कारण एका ठिकाणी तिने बेरीज चुकवली तर अंगठाबहाद्दर म्हातारीनेच तिला थांबवलं. मग कर्जाची मागणी. एकीला शेळीला पैसे हवे होते, एकीला पोरीच्या बारावीच्या फॉर्मला, एकीला सावकाराची चिठ्ठी सोडवायला. शेळी आणि फॉर्म लगेच मंजूर झाले. चिठ्ठीवर बराच वेळ बोलणं झालं. सावकार शेकडा पाचाने घेत होता, गट शेकडा दोनाने देतो, आणि ते दोन रुपयेही परत गटातच येतात. शेवटी ठराव लिहिला गेला, सूचक अमकी, अनुमोदक तमकी, आणि सगळ्यांनी सह्या केल्या. ज्या बाईला चिठ्ठी सोडवायची होती तिने सही करताना जीभ दाताखाली धरली होती. अक्षरं मोठी, ओळीच्या बाहेर गेलेली. शेजारणीने ती सही शिकवली होती, महिनाभर राखुंडीने जमिनीवर गिरवून.

परत आल्यावर मी अहवालात लिहिलं की हा गट कर्जास पात्र आहे. शाखेत कुरबुर झाली. एवढ्या लहान रकमेसाठी एवढा कागद, असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. त्या गटाने हप्ता एकदाही चुकवला नाही. ज्यांची मोठी कर्जं मोठ्या ओळखीवर मंजूर व्हायची, त्यांच्याबद्दल मला असं लिहिता येणार नाही.

बचत गटांनी बाई श्रीमंत झाली असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पापड, लोणची, शिलाई मशीन, शेळ्या, गिरणी, शेवया. बहुतेकींचा धंदा तेवढाच राहिला. पण तिच्या पैशाला पहिल्यांदा पासबुक मिळालं. घरात ते दिसायला लागलं. उतरंडीतला पैसा कोणाला कळू नये म्हणून असायचा. पेटीतला पैसा सगळ्यांना माहीत असतो आणि तरी तो तिचाच असतो. याचं मोल मला ८ नोव्हेंबर २०१६ नंतर फार जवळून दिसलं. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि वाशिम जिल्ह्यातल्या उतरंडी, डाळीचे डबे, गोधड्यांच्या शिवणी एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. आमच्या काउंटरसमोर बायांची रांग रस्त्यापर्यंत. काही जणी नोटा पदराखाली धरून, बाजूचा पुरुष कोण हे बघत उभ्या. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "माह्या पोराले सांगू नका बाई." तिच्याजवळ जे होतं ते तिने बरीच वर्षं साठवलं होतं, आजारपणासाठी. दोन दिवसांनी तिचा मुलगा आला आणि आईच्या खात्यात किती आहे ते विचारायला लागला. मी सांगितलं नाही. पण त्याला कळलं होतंच. ज्यांचा पैसा आधीच गटात आणि खात्यात होता, त्यांच्यावर ही वेळ आली नाही. ज्यांनी लपवला होता, त्यांचा उघडा पडला, आणि कित्येक घरांत तो त्या हिवाळ्यातच संपला.

त्याच सुमाराला दुसरं संकट वाढलं. खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं. त्यांनाही गट लागतो, पण बाया दोन्हींत बरोबर फरक करतात: एक आपला गट, एक कंपनीचा गट. आपल्या गटात आधी बचत, मग कर्ज. कंपनीच्या गटात बचत नाहीच, थेट कर्ज आणि पुढच्या आठवड्यापासून हप्ता. एका गल्लीत तीन-तीन कंपन्यांचे वसुलीवाले. सोयाबीन बुडालं की पहिलीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. नोटबंदीनंतर विदर्भात बायकांनी या कर्जांविरुद्ध मोर्चे काढले. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरावर सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. नियम चांगला आहे. पण ज्या घरात दिवाळीला सोयाबीनचे पैसे येतात आणि मग वर्षभर मजुरीवर चालतं, त्या घराचं महिन्याचं उत्पन्न कसं काढायचं, हे हप्ता ठरवणाऱ्याच्या मर्जीवरच राहतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी जमीन आहे. पासबुकावर नाव आलं, मस्टरवर नाव आलं, सातबाऱ्यावर आलं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात शेत कसणाऱ्या खातेदारांत बायका साधारण १४ टक्के होत्या. आमच्याकडे शेतात सकाळी अकराला कोणीही जाऊन बघावं, किती टक्के बाया दिसतात ते.

जमिनीवर बाईचं नाव लावावं हे कोणालाच सुचलं नव्हतं असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं, लाखो बाया जमल्या. नंतर त्यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा स्वतःहून बायकोच्या नावावर करावा. शेतकऱ्याच्या मालाला भाव न देणाऱ्या सरकारविरुद्ध भांडायचं तर आधी घरातल्या लक्ष्मीचं देणं फेडा, असं ते सांगत. अनेक गावांनी ते केलं. १९९२ साली राज्य सरकारने त्यासाठी परिपत्रक काढलं, म्हणजे तलाठ्याकडे जाऊन अर्ज करून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. आजही येतं. माझ्या माहितीतल्या गावांत हे ठाऊक असलेले पुरुष थोडे आणि करणारे त्याहून थोडे.

मुलीच्या वाट्याची गोष्ट याहून अवघड. महाराष्ट्राने १९९४ सालीच, देशाच्या अकरा वर्षं आधी, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला; मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा प्रश्न नाही. कायदा याहून स्पष्ट होऊ शकत नाही. पण गावात वडील वारले की तेरावा उरकतो आणि हक्कसोडपत्र तयार असतं. बहिणी येतात, सही करतात, साडी घेतात आणि जातात. सही केली तर दिवाळीला माहेर आहे, नाही केली तर नाही. मी केली नाही. नोकरीवाली आहे, हिला काय कमी, असं भावकीत बोललं गेलं आणि बरीच वर्षं भाऊबीजेला मला बोलावणं आलं नाही. ते दुखलं, अजून दुखतं. पण ज्या शेतात आईने आयुष्य घातलं, त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कधी नव्हतं. माझं आहे.

ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली, तिथे नाव नसण्याची किंमत सगळ्यात जास्त. सरकारची मदत एक लाखाची. तिच्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं आणि त्यात जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचं, हे बघतात. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर? कर्ज सावकाराचं असेल तर? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली, त्यात ४० टक्के बायकांना त्या कसत असलेल्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. शेत तीच कसते, सोयाबीन तीच पेरते, बियाणं तीच उधार आणते. पीककर्ज मागायला गेली की तिला परत पाठवतात, कारण सातबारा दिराच्या नाहीतर मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. मीही अशा बायांना परत पाठवलं आहे, नियमाने तेवढंच करता येत होतं. निवृत्तीनंतर मी अशा बायांच्या वारस नोंदीच्या मागे लागले ते म्हणून.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेत महिन्याचे दीड हजार थेट बाईच्या खात्यात यायला लागले. बँकांसमोर पुन्हा रांगा, आधार जोडायला. त्या पैशावर टीका करणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाशिमला त्या पैशातून औषधं घेतली जाताना, गटाचा हप्ता भरला जाताना, पोरीला सायकल घेतली जाताना मी पाहिलं आहे. पण सरकारने ठरवलं की येणारा आणि ठरवलं की थांबणारा पैसा हा मदत आहे, मालमत्ता नाही. शेतकऱ्याला मिळणारे पीएम किसानचे सहा हजार सातबाऱ्याच्या नावाने जातात. आता तर शेतकरी ओळख क्रमांक निघाला आहे, पीकविमा आणि नुकसानभरपाई त्याच्याशी जोडली आहे, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. कारंज्याच्या बाजारात १८८६ साली जिची नोंद झाली नाही, तिची या नव्या संगणकाच्या वहीतही होणार नाही, जर आज तलाठ्याच्या दप्तरात झाली नाही तर.

सध्या वाशिमच्याच मालेगाव तालुक्यातल्या एका बाईचं प्रकरण हातात आहे. नवरा जाऊन चार पावसाळे झाले, दोन एकर पाच गुंठे, वारस नोंद झालेलीच नव्हती. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ जोडून अर्ज दिला. तलाठ्यांनी फेरफार धरला आहे, नोटीस लागली आहे, हरकतीला पंधरा दिवस आहेत. दीर हरकत घेईल असं तिला वाटतं. घेतली तर मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होईल. त्यासाठी तिने नवऱ्याच्या नावाच्या शेतसाऱ्याच्या पावत्या, कृषी केंद्राची बियाण्याची बिलं आणि तिच्या गटाचं पासबुक एका पिशवीत घालून ठेवलं आहे. त्या पासबुकात तीन वर्षं जून महिन्यात एकच कारण लिहिलेलं आहे, पेरणीसाठी कर्ज, आणि खाली तिची सही.